पांढरा हत्ती कोण पोसतो?

प्रश्नमंजूषेत फुटबॉलच्या मैदानांवरचे प्रश्न हमखास ‘सर्वांत’ने सुरू होतात. सर्वांत मोठे मैदान कोणते, सर्वांत महागडे कोणते, सर्वांत जास्त गर्दी कुठे झाली. उत्तरेही ठरलेली आहेत. १६ जुलै १९५० रोजी रिओच्या माराकाना स्टेडियमवर उरुग्वेने ब्राझीलला २-१ असे हरवले, तेव्हा तिकीट काढून आत गेलेल्यांची अधिकृत नोंद १,७३,८५० इतकी आहे. प्रत्यक्षात आकडा दोन लाखांच्या घरात होता असे मानतात. हा विक्रम मोडणे आता कठीणच, कारण प्रत्येक प्रेक्षकाला खुर्ची दिलीच पाहिजे असा दंडक आला आणि खुद्द माराकानाची क्षमता ७८ हजारांच्या आसपास येऊन ठेपली. पण हा आकडा त्या एका दुपारचा आहे. त्याच्यावरून स्टेडियमविषयी फारसे काही कळत नाही. कुतूहलच असेल, तर त्याहून चांगला प्रश्न असा: स्पर्धा आटोपून पाहुणे संघ आपापल्या देशी गेले, त्यानंतर त्या मैदानाचे काय झाले? नव्वदहून अधिक वर्षांचा विश्वचषकाचा इतिहास या प्रश्नाला बरेच सुसंगत उत्तर देतो. मैदान टिकणार की पडणार, हे तिथे अंतिम सामना झाला होता का, वास्तुरचनाकार किती नामवंत होता, खुर्च्या किती होत्या, यावर फारसे अवलंबून नसते. एरवीच्या शनिवारी-रविवारी तिथे कोण खेळते, यावर ते ठरते. म्हणजे स्टेडियमला कायमचा भाडेकरू आहे की नाही, हा खरा मुद्दा.

पहिल्याच विश्वचषकात याची जणू चाचणी होऊन गेली. १९३०च्या स्पर्धेसाठी उरुग्वेची राजधानी मोंटेव्हिडिओ इथे सेंतेनारियो हे भव्य स्टेडियम बांधायला घेतले होते. देशाच्या पहिल्या राज्यघटनेच्या शताब्दीचे ते स्मारक. पण काम वेळेत पुरे झाले नाही. तेव्हा १३ जुलैला स्पर्धेचे पहिले दोन सामने शहरातल्या दोन लहान मैदानांवर खेळवावे लागले. पोसितोस हे पेन्यारोल क्लबचे मैदान. तिथे फ्रान्सच्या ल्युसियाँ लोराँने मेक्सिकोविरुद्ध विश्वचषकाच्या इतिहासातला पहिला गोल केला. पार्के सेंत्राल हे नासिओनाल क्लबचे. तिथे अमेरिकेने बेल्जियमला ३-० असे हरवले. ऐतिहासिक महत्त्व तोलायचे, तर पोसितोसचे पारडे उघडच जड. पण पेन्यारोलने थोड्याच वर्षांत ते मैदान सोडले, तिथे रस्ते आणि घरे झाली, आणि पहिला गोल नेमका कुठे झाला हे पुढे जुने नकाशे धुंडाळून शोधावे लागले. आता त्या निवासी वस्तीत एक स्मृतिचिन्ह आहे. पार्के सेंत्राल मात्र उभे आहे, कारण नासिओनाल आजही तिथेच खेळतो. शहर एक, दिवस एक, स्पर्धा एक. फरक एवढाच की एकाचा रहिवासी निघून गेला आणि दुसऱ्याचा राहिला.

इतिहास मैदानाला वाचवत नाही, हे मान्य करणे अनेकांना जड जाते. जिथे विश्वचषकाचा अंतिम सामना झाला ती जागा कोण पाडेल, असे वाटणे स्वाभाविक आहे. स्वीडनमधल्या रोसुंडा स्टेडियमवर १९५८ साली सतरा वर्षांच्या पेलेने अंतिम सामन्यात दोन गोल केले. १९९५च्या महिला विश्वचषकाचा अंतिम सामनाही तिथेच झाला. पुरुष आणि महिला, दोन्ही विश्वचषकांचे अंतिम सामने पाहिलेली स्टेडियम जगात मोजकीच, त्यातले हे एक. पण एआयके हा क्लब आणि स्वीडनचा राष्ट्रीय संघ जवळच्या नव्या स्टेडियममध्ये गेले आणि २०१३मध्ये रोसुंडा पाडून तिथे घरे बांधायला घेतली. सेंतेनारियो टिकले हे खरे. पण त्याचे कारण त्याला राष्ट्रीय स्मारकाचा मान आहे आणि उरुग्वेचा राष्ट्रीय संघ तिथे खेळतो. लंडनचे जुने वेंबली पाडले, तरी त्याच जागी नवे उभे राहिले: तिथे इंग्लंडचा संघ आणि एफए चषकाचा अंतिम सामना हे ठरलेले पाहुणे आहेत. तिथे भाडेकरू म्हणजे सगळा देशच. असे भाग्य एका देशात एखाद्याच मैदानाला लाभते. दहा-बारा स्टेडियम बांधून प्रत्येकाला ‘राष्ट्रीय’ म्हणता येत नाही.

यामागचे गणित साधे आहे. वीस संघांच्या लीगमध्ये प्रत्येक क्लबला घरच्या मैदानावर वर्षाला १९ सामने मिळतात. चषकाचे आणि युरोपीय स्पर्धांचे वेगळे. २०२२च्या कतार विश्वचषकात सर्वाधिक सामने झाले ते लुसैल स्टेडियमवर, आणि ते होते दहा. म्हणजे मधल्या फळीतला एखादा क्लबसुद्धा एका हंगामात जितक्या वेळा मैदानाचे दरवाजे उघडतो, तितक्या वेळा विश्वचषकाचे सर्वांत लाडके स्टेडियमही उघडत नाही. इतर विश्वचषकांत तर अनेक मैदानांच्या वाट्याला तीन, चार, पाचच सामने येतात. गवत मात्र बाराही महिने वाढते. ते कापावे, भिजवावे लागते. दिवे, लिफ्ट, पाण्याचे पंप, छताची गळती, सुरक्षारक्षकांचे पगार हे सगळे सामना असो-नसो चालूच. ज्याला आपण ‘पांढरा हत्ती’ म्हणून नाके मुरडतो, त्याची किंमत बांधकामात कमी आणि पोसण्यात जास्त असते.

१९६६चा इंग्लंडमधला विश्वचषक या दृष्टीने पाहण्यासारखा आहे, कारण तो आठ मैदानांवर झाला आणि त्यांचे पुढचे आयुष्य आपल्यासमोर आहे. त्यातल्या एका मैदानावर फक्त एकच सामना झाला. लंडनच्या व्हाइट सिटीमध्ये उरुग्वे आणि फ्रान्स खेळले, आणि कारण वाचून हसू येते: त्या शुक्रवारी वेंबलीत ग्रेहाउंड कुत्र्यांच्या शर्यती ठरलेल्या होत्या आणि वेंबलीचे मालक त्या रद्द करायला तयार नव्हते. कुत्र्यांच्या शर्यतींना ठरलेला गिऱ्हाईक होता; विश्वचषक एकदाच यायचा. मालकांचा व्यवहार चोख होता, हे कबूल करायला हवे. १९०८च्या ऑलिंपिकसाठी बांधलेल्या व्हाइट सिटीला फुटबॉल क्लबचे कायमचे वास्तव्य लाभले नाही आणि आठांपैकी तेच सर्वांत आधी, १९८५मध्ये, पाडले गेले. मिडल्सब्रोच्या एअरसम पार्कवर उत्तर कोरियाच्या पाक दू-इकने इटलीविरुद्ध गोल करून विश्वचषकातला एक मोठा धक्का दिला. तेही मैदान टिकले नाही. १९८९मध्ये शेफील्डच्या हिल्सबरोवर चेंगराचेंगरी होऊन ९७ लिव्हरपूल समर्थकांचे प्राण गेले, आणि त्यानंतरच्या चौकशीच्या शिफारशीवरून वरच्या श्रेणीच्या मैदानांवर प्रत्येकाला खुर्ची देणे बंधनकारक झाले. जुन्या, दाटीच्या वस्तीतल्या मैदानांना हे परवडेना. मिडल्सब्रो १९९५मध्ये नदीकाठच्या नव्या मैदानात गेला, संडरलँडने १९९७मध्ये रोकर पार्क सोडले, आणि दोन्ही जागी घरे उभी राहिली. एअरसमच्या जागी झालेल्या वसाहतीत एका घरापुढच्या हिरवळीत फुटबॉलच्या बुटाच्या खिळ्यांचा ब्राँझमधला ठसा बसवला आहे. पाकने तो गोल मारला ती ही जागा. ओल्ड ट्रॅफर्ड, व्हिला पार्क, हिल्सबरो टिकून आहेत, कारण क्लब तिथेच राहिले. लिव्हरपूलच्या गुडिसन पार्कची कथा तर ताजी आहे. एव्हर्टनचा पुरुष संघ २०२५मध्ये नव्या स्टेडियममध्ये गेला तेव्हा गुडिसन पाडण्याचा बेत होता. मग क्लबने ठरवले की तिथे महिला संघ खेळेल. मैदानाचा बळी टळला तो नव्या भाडेकरूमुळे. स्मारक म्हणून जपण्याच्या आवाहनाने ते साधले असते, याची खात्री मला नाही.

भाडेकरू गेल्यावर किती झपाट्याने अवकळा येते, हे पाहायचे तर अमेरिकेतल्या पाँटिअॅक शहराकडे वळावे. १९९४चा विश्वचषक अमेरिकेने एकही नवे स्टेडियम न बांधता पार पाडला, आणि तरी सामन्यामागे सरासरी ६८,९९१ प्रेक्षक आले. त्या विक्रमाला नंतरच्या कित्येक स्पर्धांत धक्का लागला नाही. त्यातल्याच एका स्टेडियमचे, पाँटिअॅक सिल्व्हरडोमचे, कापडी छत हवेच्या दाबावर तोललेले होते. आत नैसर्गिक गवत वाढणे शक्य नव्हते, म्हणून मिशिगन स्टेट विद्यापीठाच्या तज्ज्ञांनी ते बाहेर, षटकोनी साच्यांमध्ये वाढवले आणि असे सुमारे अठराशे तुकडे आत आणून एकमेकांना जोडले. या हिरवळीवर अमेरिका आणि स्वित्झर्लंड यांच्यात छताखाली झालेला विश्वचषकाचा पहिला सामना झाला. गवताची ही करामत इतिहासजमा झाली, पण स्टेडियमचा आधार होता डेट्रॉइट लायन्स हा अमेरिकन फुटबॉलचा संघ. तो २००२मध्ये डेट्रॉइट शहरातल्या नव्या मैदानात गेला. २००९मध्ये सिल्व्हरडोमचा लिलाव झाला आणि तो अवघ्या ५,८३,००० डॉलरना विकला गेला. बांधायला सत्तरच्या दशकात साडेपाच कोटींहून अधिक डॉलर लागले होते. डिसेंबर २०१७मध्ये सुरुंग लावून पाडायला गेले, तर पहिल्या स्फोटानंतर इमारत जागची हलली नाही. दुसऱ्या दिवशी पुन्हा सुरुंग लावावे लागले. जपानमधल्या सप्पोरो डोमची यंत्रणा तर याहून अफलातून. सुमारे ८,३०० टनांचे गवताचे सबंध मैदान बाहेर उन्हात वाढते आणि सामन्याआधी हवेच्या दाबाने किंचित उचलून चाकांवरून आत सरकवले जाते. २००२च्या विश्वचषकातले तीन सामने तिथे झाले. पण पोट भरत होते बेसबॉलवर. २०२३मध्ये निप्पॉन-हॅम फायटर्स हा बेसबॉल संघ आपल्या स्वतःच्या नव्या मैदानात गेला आणि डोमचा हिशेब तोट्यात आला. फुटबॉल क्लब उरला, तरी त्याच्या मोजक्या सामन्यांवर एवढा डोलारा पेलेना.

आता २०१४च्या ब्राझीलचे पाहू. तिथे बारा शहरे निवडली गेली आणि त्यांपैकी काहींची निवड फुटबॉलच्या नकाशापेक्षा राजकारणाच्या नकाशाकडे पाहून झाली, असे म्हटल्याशिवाय राहवत नाही. ॲमेझॉनच्या जंगलातल्या मनौसमध्ये सुमारे ४४ हजार खुर्च्यांचे स्टेडियम उभे राहिले. त्यावर चार सामने झाले: इंग्लंड-इटली, कॅमेरून-क्रोएशिया, अमेरिका-पोर्तुगाल, होंडुरास-स्वित्झर्लंड. तेव्हा शहरातला एकही क्लब देशाच्या वरच्या श्रेणीत नव्हता. राजधानी ब्राझीलियाचे माने गारिंचा स्टेडियम त्या स्पर्धेतले सर्वांत महागडे, सुमारे ७२ हजार खुर्च्यांचे. शहराचे क्लब मात्र खालच्या श्रेणीत रखडलेले. विश्वचषकाला वर्ष होते न होते तोच त्याच्या वाहनतळावर शहराच्या बसगाड्या उभ्या राहू लागल्या. पुढे फ्लामेंगोसारखे रिओचे बडे क्लब आपला एखादा ‘घरचा’ सामना पैसे घेऊन तिथे खेळू लागले. देशभर चाहते असल्याने स्टेडियम भरतेही. पण हा उसना भाडेकरू. त्याचे बिऱ्हाड रिओलाच.

इथे पहिला आक्षेप येतो, आणि तो वजनदार आहे. भाडेकरू असूनही मेलेली मैदाने आहेत, त्यांचे काय? तुरिनचे डेल्ले आल्पी हे उदाहरण कुणीही पुढे करील. इटलीने १९९०च्या विश्वचषकासाठी ते बांधले, जवळपास ७० हजार खुर्च्यांचे. पश्चिम जर्मनी आणि इंग्लंड यांच्यातला पेनल्टींवर सुटलेला उपांत्य सामना तिथलाच. त्याला एक नव्हे, युव्हेंटस आणि तोरिनो असे दोन मातब्बर भाडेकरू होते. तरी दोन दशकांच्या आत ते पाडावे लागले. कारण मैदानाभोवती ॲथलेटिक्सची धावपट्टी घातली होती आणि प्रेक्षक खेळापासून फार लांब बसत. मालकी पालिकेची, त्यामुळे क्लबला बदल करता येईना. युव्हेंटसची नाराजी इतकी की १९९५च्या युएफा चषकाच्या अंतिम फेरीतला आपला घरचा सामना त्यांनी थेट मिलानच्या सान सिरोवर खेळवला. २००१-०२च्या हंगामात संपदोरियाविरुद्धच्या इटालियन चषकाच्या सामन्याला या प्रचंड वास्तूत २३७ माणसे होती. त्याच जागी २०११मध्ये युव्हेंटसने स्वतःचे स्टेडियम उघडले: सुमारे ४१ हजार खुर्च्या, धावपट्टी गायब, पहिली रांग खेळाडूंच्या जवळपास अंगावर. ते भरू लागले. या आक्षेपाने मूळ मुद्दा खोटा ठरत नाही, पण त्याला एक अट जोडावी लागते. भाडेकरू असून भागत नाही. घर त्याच्या मापाचे हवे. डेल्ले आल्पी विश्वचषकाच्या मापाने बेतले होते, तुरिनच्या रविवारच्या मापाने नव्हे.

दुसरा आक्षेप याच्या उलट दिशेने येतो. आधी घर बांधा, भाडेकरू मागाहून येईल, असे म्हणणारे लाइपझिगचा दाखला देतात. जर्मनीच्या २००६च्या विश्वचषकात पूर्वीच्या पूर्व जर्मनीच्या प्रदेशातले, बर्लिन सोडल्यास, हे एकमेव यजमान शहर. युद्धातल्या ढिगाऱ्यांचे बांध घालून १९५६मध्ये उभारलेल्या एक लाखाच्या जुन्या स्टेडियमच्या खोलगट वाटीतच नवे स्टेडियम बसवले गेले. आजही जुन्या बांधावरून चढून नव्यात उतरावे लागते. स्पर्धा झाली तेव्हा तिथल्या क्लबांना वरच्या श्रेणीचे स्वप्नही पडत नव्हते. २००९मध्ये रेड बुल या शीतपेय कंपनीने शेजारच्या मार्क्रानश्टेट गावातल्या पाचव्या श्रेणीच्या क्लबची जागा घेतली आणि आरबी लाइपझिग जन्माला आला. सात वर्षांत तो बुंडेसलिगात पोहोचला, २०२०मध्ये चॅम्पियन्स लीगच्या उपांत्य फेरीत. मैदान भरते, शहर खूश आहे. पण उर्वरित जर्मनीत या क्लबाविषयी राग आहे, कारण क्लबची बहुसंख्य मते सभासदांच्या हाती असावीत या नियमाला त्याने हुशारीने बगल दिली, असे बहुतेकांना वाटते. ब्राझीलमधल्या कुयाबाचे उदाहरण जास्त निर्मळ आहे: २००१मध्ये स्थापन झालेला तिथला क्लब विश्वचषकाच्या स्टेडियमच्या आधाराने वाढत २०२१मध्ये पहिल्या श्रेणीत खेळला आणि चार हंगाम टिकला. मनौसमध्येही २०१९मध्ये स्थापन झालेला ॲमेझोनास हा क्लब २०२४मध्ये दुसऱ्या श्रेणीत आला. म्हणजे मागाहून भाडेकरू येतो, हे खरे. मात्र लाइपझिगला कोट्यवधी ओतणारी कंपनी लागली, मनौसला दहा वर्षे लागली, आणि मधल्या काळातला खर्च सरकारी तिजोरीने सोसला. सट्टा कधीकधी लागतो, म्हणून त्याला नियोजन म्हणता येत नाही.

भाडेकरू फुटबॉलचाच हवा, असे मात्र नाही. केपटाउनने २०१०च्या विश्वचषकासाठी सुमारे ४५० कोटी रँड खर्चून समुद्राकाठी स्टेडियम बांधले. फुटबॉलने ते भरेना. शहराचा खरा जीव रग्बीत, आणि रग्बी संघ आपल्या जुन्या न्यूलँड्स मैदानाला चिकटून होता. २०२१मध्ये स्टॉर्मर्स हा रग्बी संघ अखेर इकडे आला. पॅरिसजवळच्या कोलोंब इथले स्टेडियम १९३८च्या विश्वचषकाच्या अंतिम सामन्याचे; इटलीने हंगेरीला तिथे ४-२ असे नमवले. पुढे ते रग्बीने जगवले, आणि २०२४च्या ऑलिंपिकसाठी त्याचे हॉकीच्या मैदानात रूपांतर झाले. भारताच्या पुरुष संघाने ऑगस्टमध्ये स्पेनला २-१ असे हरवून कांस्यपदक घेतले ते या मैदानावर. टीव्हीवर तो सामना पाहणाऱ्या आपल्यातल्या किती जणांना ठाऊक होते की हे विश्वचषकाच्या अंतिम सामन्याचे मैदान आहे!

ज्यांना भाडेकरूच नको, त्यांच्यासाठी कतारने एक तोड काढली होती. दोहातले ‘स्टेडियम ९७४’ जहाजावरच्या ९७४ कंटेनरांचे; आकडा देशाच्या दूरध्वनी संकेतांकाशी जुळवलेला. पोलादी सांगाड्यात बसवलेल्या या पेट्यांत स्वच्छतागृहे, दुकाने, जिने. सात सामने झाले की सगळे सुटे करून हलवायचे, असे जाहीर झाले होते. कल्पना मला मनापासून आवडते, कारण यजमान देशाने प्रथमच उघडपणे मान्य केले की आठही मैदाने भरण्याइतका फुटबॉल आपल्याकडे नाही. पण डिसेंबर २०२४मध्ये क्लबांच्या आंतरखंडीय चषकाचे सामने त्याच जागी खेळवले गेले. स्पर्धेनंतर दोन वर्षांनीही पेट्या जागच्या जागीच होत्या. एकदा उभे केलेले मोडायला हात धजत नाही, हे मापात बांधण्याइतकेच अवघड दुखणे आहे.

आपल्याकडे पुरुषांचा विश्वचषक आला नाही, पण लहान प्रमाणात हाच प्रयोग होऊन गेला आहे. २०१७च्या १७ वर्षांखालील विश्वचषकाचे काही सामने नवी मुंबई आणि गोव्यात झाले; २०२२च्या महिला आशियाई चषकाचे नवी मुंबई, अंधेरी आणि पुण्याच्या बालेवाडीत. यांपैकी मडगावच्या फातोर्ड्याला सर्वांत कमी काळजी. आधी धेंपो, साळगावकर, चर्चिल यांसारखे क्लब आणि २०१४पासून एफसी गोवा, असा तिथे भाडेकरूंचा तुटवडा पडला नाही. १९९४च्या राष्ट्रीय क्रीडा स्पर्धांसाठी उभारलेल्या बालेवाडीला एफसी पुणे सिटी मिळाला होता. २०१९मध्ये तो संघच बंद झाला आणि त्याची जागा हैदराबादला गेली. नवी मुंबईचे डी. वाय. पाटील स्टेडियम सुमारे ५० हजारांचे. तिथे स्पेन आणि माली यांच्यातला १७ वर्षांखालील विश्वचषकाचा उपांत्य सामना झाला, महिला आशियाई चषकाचा अंतिम सामना झाला, आणि नोव्हेंबर २०२५मध्ये भारताच्या मुलींनी क्रिकेटचा विश्वचषक जिंकला. ते जगते क्रिकेट आणि मैफलींवर. मुंबई सिटी एफसी हा फुटबॉल क्लब २०१४ आणि २०१५चे हंगाम तिथेच खेळला होता. २०१६मध्ये त्याने बाडबिस्तरा उचलला आणि अंधेरीच्या क्रीडासंकुलातल्या मैदानात गेला, जिथे दहा हजार प्रेक्षकही मावत नाहीत.